गुपित कुणाच्या मालकीचे?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या पुढाकाराने आमच्या तालुक्याच्या गावी एक सल्ला केंद्र चालते. नवऱ्याच्या दारूपायी, सासरच्या छळापायी, मुलांनी घराबाहेर काढले म्हणून किंवा नुसत्याच मनाच्या आजाराने गांजलेली माणसे तिथे येतात. डॉक्टर म्हणाले, "आमचा हिशेब लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला. तुम्ही बँकेतले. आठवड्यातून दोन सकाळी येऊन वह्या तेवढ्या बघाल का?" निवृत्त बँक अधिकाऱ्याला वह्या बघायला बोलावले की तो चष्मा पुसत तयारच असतो. मी गेलो.

आणि पहिल्याच दिवशी अडलो. केंद्रात येणाऱ्या गरीब बायकांना एस.टी.चे भाडे दिले जाते. ४० रुपये, ६५ रुपये अशी व्हाउचरे होती. पण पैसे कुणाला दिले त्या जागी नाव नव्हते. 'क्र. २१७' असा नुसता आकडा. घेणाऱ्याची सही नाही, अंगठा नाही. खाली केंद्राच्याच दोघांच्या सह्या. बँकेत असे व्हाउचर कुणी माझ्यापुढे ठेवले असते तर मी त्याला उभ्या उभ्या परत पाठवला असता. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंना मी म्हणालो, "ताई, नावांचं रजिस्टर द्या, म्हणजे पडताळून घेतो."

"ते नाही देता येणार, काका."

"अहो, चाळीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळलेत मी!"

"मग पैसेच बघा ना. नावं कशाला हवीत तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "असं करू. तुम्हीच कुठलेही पाच क्रमांक सांगा. डॉक्टर रजिस्टर उघडून बघतील, त्या पाच जणी खरंच आहेत का, त्या दिवशी आल्या होत्या का, आणि तसं लिहून सही देतील. चालेल?"

चालण्यासारखेच होते. हिशेब तपासनीस म्हणून मला एवढाच खात्रीचा पुरावा हवा होता. पण त्या दिवशी मी जरा फुरंगटूनच घरी आलो. माझ्यावर अविश्वास दाखवला, असे वाटत राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र १९८८ सालची एक दुपार आठवली, आणि मग झोप लागेना.

मी बँकेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी ज्या कागदांवर सह्या घेतल्या त्यांत निष्ठा आणि गुप्तता यांचे एक प्रतिज्ञापत्र होते. राष्ट्रीयीकरणाच्या १९७० सालच्या कायद्यातच तसे कलम आहे, प्रतिज्ञापत्राचा नमुनाही कायद्याला जोडलेला आहे. संचालकापासून कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ते करायचे असते. मी ते वाचले नाही. नोकरी लागल्याच्या आनंदात कोण वाचतो?

पुढे एका लहान गावच्या शाखेत अकौंटंट होतो. तिथे एक शिक्षिका दरमहा शंभर रुपये आवर्ती ठेवीत भरायच्या. पगार नवऱ्याच्या हाती पडायचा. हे शंभर त्या शिकवणीतून वेगळे काढत. मधल्या सुट्टीत भरभर चालत यायच्या, पैसे भरून तशाच परत जायच्या. पासबुक शाळेच्या कपाटात ठेवायच्या. खाते उघडण्याच्या फॉर्मवर पत्रव्यवहारासाठी पत्ता शाळेचा दिला होता. हे सगळे मला ठाऊक होते. म्हणजे बघायचे असते तर दिसत होते.

त्यांचे यजमान पंचायत समितीत होते. गावात चांगले नाव. एका बाजारच्या दिवशी ते मला भेटले आणि स्कूटरसाठी कर्ज मिळेल का, असे विचारू लागले. मी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. लोकांना काटकसरीचे सल्ले देण्याची हौस होती. मी हसत म्हणालो, "कर्ज कशाला काढता? वहिनींची ठेव आहे की आमच्याकडे!"

दुसऱ्या दिवशी दोघेही शाखेत आले. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले, बाई उभ्या राहिल्या. मुदतीआधी ठेव मोडण्याचा अर्ज त्यांनी लिहिला, सही केली. चार हजारांच्या आसपास रक्कम होती. यजमानांनी काउंटरवर नोटा मोजल्या. जाताना बाई माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत म्हणा, साहेब." त्या आवाजात राग नव्हता. त्या पुन्हा कधी शाखेत आल्या नाहीत. ते चार हजार त्या कशासाठी साठवत होत्या, हे मला आजही माहीत नाही. संध्याकाळी मी ही गोष्ट हेड कॅशियरना सांगितली तर ते म्हणाले, "नवरा-बायकोत कसलं हो गुपित?" शाखेत कुणालाच ती चूक वाटली नाही, आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे मलाही ती चूक न वाटता दुर्दैव वाटत होते.

सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेला आम्हाला टूर्निये नावाच्या माणसाचा खटला असे. १९२४ सालच्या निकालपत्रांत छापलेला, इंग्लंडमधला. या टूर्नियेने बँकेतून नऊ पौंडांच्या आसपास उचल केली होती. आठवड्याला एक पौंड फेडीन म्हणाला आणि ते जमले नाही. पत्ता म्हणून त्याने कामाच्या ठिकाणचा पत्ता दिलेला होता. बँकेच्या मॅनेजरने तिथे फोन लावला. विचारायचा होता घरचा पत्ता. पण बोलण्याच्या ओघात हा आमचे देणे लागतो आणि पैजा लावणाऱ्यांकडे याचे पैसे जातात असा संशय आहे, हेही सांगून टाकले. टूर्नियेची नोकरी पुढे चालू ठेवण्यात आली नाही. अपील न्यायालयाने सांगितले की, खातेदाराची माहिती न फोडण्याचे बंधन बँकेवर आहेच, ते करारात लिहिलेले असो वा नसो. आणि ते चारच कारणांनी सुटते : कायद्याची सक्ती, समाजाप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित, किंवा खातेदाराची संमती. ही चार कारणे मी तोंडपाठ केली, पेपरात लिहिली, मार्क मिळवले. वहिनींची ठेव आणि टूर्नियेचा फोन या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्या रात्री अंथरुणावर पडेपर्यंत लक्षात आले नव्हते.

एक फरक मात्र आहे, आणि तो आम्हा बँकवाल्यांच्या डोक्यात सहज शिरत नाही. तुम्ही बँकेत पैसे ठेवलेत की कायद्याने ते बँकेचे होतात; बँक तुमची देणेकरी. ते पैसे ती दुसऱ्याला कर्जाऊ देते, त्यावरच तिचे पोट चालते. माहितीचे तसे नाही. ती ठेवायला दिली तरी ठेवणाऱ्याचीच राहते, व्याजानेसुद्धा कुणाला देता येत नाही. केंद्रातल्या ताई हे शब्द वापरत नाहीत, पण त्यांचे सगळे काम या एका समजुतीवर उभे आहे.

ते काम कसे चालते, हे मी पुढच्या काही महिन्यांत खालमानेने बघत गेलो.

केंद्र एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच जिन्याने वाचनालयात जाता येते, टायपिंगच्या जागी आता चालणाऱ्या संगणक वर्गाला जाता येते, एका दातांच्या डॉक्टरांकडेही जाता येते. खाली रस्त्यावर केंद्राची पाटी नाही. मी भोळेपणाने विचारले, "पाटी नाही तर लोकांना कळणार कसं?" ताई म्हणाल्या, "ज्यांना यायचं असतं त्यांना कळतं. आणि जिना चढताना बघणाऱ्याला कळू नये, म्हणून तर ही जागा घेतली." भाडे थोडे जास्त पडते. हिशेबात ते मी आता निमूटपणे मांडतो.

बाहेरच्या खोलीत कुणाचे नाव पुकारत नाहीत. दोन वेळांमध्ये मुद्दाम पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवतात. गाव लहान, एकीची जाऊ दुसरीची शेजारीण निघायची. आतल्या खोलीची भिंत प्लायवुडची आहे, म्हणून बाहेर रेडिओ लावलेला असतो. मला पहिले काही दिवस त्या रेडिओचा त्रास व्हायचा, बेरीज चुकायची. एकदा मी तो बंद केला. आतून एका पुरुषाच्या रडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी घाईने पुन्हा लावला.

नाव पहिल्या दिवशी विचारतच नाहीत. आधी बसायचे, पाणी, मग काय झाले ते. काम पुढे जायचे ठरले तरच क्रमांक पडतो. क्रमांकाच्या फायली एका कपाटात आणि कुठला क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही दुसऱ्या कपाटात. दोन्हींच्या किल्ल्या दोघींकडे. आमच्या स्ट्राँगरूमची तीच तऱ्हा होती, दोन किल्ल्या आणि दोन माणसे. तिजोरीसाठी आम्ही ही खबरदारी घेत होतो आणि लेजर दिवसभर टेबलावर उघडे पडलेले असे.

फाइलीत काय लिहायचे, यापेक्षा काय लिहायचे नाही याचीच ताई कार्यकर्त्यांना जास्त शिकवण देतात. पोटगीच्या अर्जासाठी बाई आली असेल तर लग्नापूर्वी तिचे कुणावर प्रेम होते, हे ती बोलण्याच्या भरात सांगते. ते ऐकायचे, लिहायचे नाही. रेशनकार्डाच्या कामाला आधारकार्डाची झेरॉक्स लागते, मग सल्ल्याच्या फाइलीतही एक लावून ठेवू, असे करायचे नाही. लागलीच तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेल्या क्रमांकाची प्रत घ्यायची. आमच्याकडे बँकेत उलटे असे. असू दे फाइलीत, कधीतरी उपयोगी पडेल! आणि मग त्या फायली रद्दीत. एस.टी. स्टँडवर मी एकदा खारे शेंगदाणे घेतले, ते ज्या कागदात बांधून मिळाले तो कुणा शेतकऱ्याच्या विहिरीच्या कर्जाचा अर्ज होता. गट नंबर, वारसांची नावे, सगळे. कुठल्या बँकेचा, ते सांगत नाही. केंद्रातले जुने कागद आता माझ्या देखरेखीखाली बारीक फाडून, भिजवून मग टाकतात. या वयात मला मिळालेली ही बढती आहे.

फोनचे नियम तर एक स्वतंत्र शास्त्र आहे. बाईने फोन केला की पहिला प्रश्न : "आत्ता बोलता येईल ना?" केंद्राने फोन करायचा झाला तर आधी तिच्याशीच ठरलेले असते, की कुठल्या वेळी, कुठल्या नंबरावर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचे. एकीने सांगून ठेवले होते, "शिवणाच्या क्लासातून बोलतेय म्हणा." असे खोटे बोलावे का, यावर कार्यकर्त्यांत एकदा बरीच चर्चा झाली म्हणे. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. लहान मुलांसाठीची १०९८, बायकांसाठीची १८१, मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली मानसची १४४१६, हे नंबर फुकट लागतात ही चांगली सोय. पण लावलेल्या नंबरांच्या यादीत ते दिसतात. म्हणून फोन ठेवल्यावर तो नंबर यादीतून कसा पुसायचा, हे ताई प्रत्येकीला हातात फोन देऊन शिकवतात.

एका लग्नात मी आणि ताई एकाच पंगतीला होतो. समोरून एक बाई वाढत आली. ताईंकडे बघून तिची चाल किंचित अडखळली, असे मला वाटले. ताईंनी मात्र ओळखीचे चिन्हही दाखवले नाही, जिलबी नको म्हणून पानावर हात धरला. परतताना मी विचारणार होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आमचा नियम आहे, काका. बाहेर आपण आधी ओळख दाखवायची नाही. समोरच्यानं दाखवली तर बोलायचं. नाहीतर लगेच कुणीतरी विचारतं, ‘यांना कुठून ओळखतेस गं?’" ती बाई केंद्रात येणारी होती का, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. एवढे मी तोवर शिकलो होतो.

ही सारी खबरदारी म्हणजे परदेशातून आलेले नवे खूळ, असे मानणारे लोक आहेत. बाहेर तिचा इतिहास आहेच. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसांसाठी चर्चमध्ये टेलिफोन ठेवला, त्यातून 'समॅरिटन्स' उभी राहिली. दारू सोडू पाहणाऱ्यांचे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेले मंडळ तर 'अनामिक' हा शब्द नावातच घेऊन जगभर पोचले. पण आपल्याकडे याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते त्यांनीच ठरवावे, अशी ती योजना होती. त्यातले 'गुप्तपणे' काढून टाका, काय उरते? एकही बाई त्या उंबऱ्याच्या आत आली नसती. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा तिथेच जन्मलेला. एखाद्‌दुसरे नाव सोडले तर त्या घरात आलेल्या बायका कोण होत्या, हे आज कुणाला माहीत नाही, आणि त्या घराचे काम नीट चालले होते याची मला तरी ती खूण वाटते.

सरकारी कागदांतही असे एक शहाणपण लपलेले आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याच्या नियमावलीत असे आहे की, बाईच्या संमतीचा कागद आणि डॉक्टरांचे मत एका लिफाफ्यात बंद करायचे, वर नाव न घालता रजिस्टरातला अनुक्रमांक घालायचा आणि 'गुप्त' असे लिहायचे. ते रजिस्टरही गुप्त. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर बाईची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला तुरुंगवासाची तरतूद झाली. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला, त्यांच्या संमतीवाचून फोटोसुद्धा वृत्तपत्रांकडे देता येत नाही. एचआयव्हीग्रस्तांसाठीचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले तेही त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये. पुढे २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कायदे चांगले आहेत. पण माझ्याकडेही १९७० चा कायदा होता आणि त्याखाली माझी सही होती.

फोटोवरून आठवले. एका देणगीदाराने केंद्राला मोठी रक्कम देऊ केली. अट एवढीच, की धनादेश स्वीकारताना पाचसहा 'लाभार्थी' महिला व्यासपीठावर असाव्यात. ताईंनी नकार दिला. पाठमोऱ्या चालतील, चेहरे दिसणार नाहीत, अशी तडजोड पुढे आली. ताई म्हणाल्या, "आमच्या गावात बाईला साडीवरनं ओळखतात." देणगी गेली. हिशेब बघणारा म्हणून मी हळहळलो. त्या रकमेत वर्षभराचे भाडे निघाले असते. अहवालाचेही तेच. नाव बदलून 'सौ. क्ष' लिहायचे, आणि पुढे तीन मुली, नवरा एस.टी.त कंडक्टर, माहेर अमुक नदीकाठचे, एवढे दिले की तीस हजारांच्या गावात ती कोण, हे शेंबड्या पोरालाही कळते.

इथे माझ्या दुसऱ्या धंद्याविषयी बोलायला हवे. मी कादंबऱ्या लिहितो. बँकेत असताना दिवसा गुप्ततेच्या सहीखाली बसायचो आणि रात्री लोकांची आयुष्ये कागदावर उतरवायचो. ती ठेव मोडलेली बाई माझ्या दुसऱ्या कादंबरीत आहे. मी तिला परिचारिका केले, कोकणात नेले, दोन मुलगे दिले आणि नाव बदलले की झाले, असे समजलो. पुढे त्याच भागात व्याख्यानाला गेलो असता एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने जवळ येऊन म्हणाले, "ही आमच्या इथल्या अमक्या बाईंचीच गोष्ट ना?" मी नाही म्हणालो, पण मनातून सुखावलो होतो. पात्र जिवंत उतरले म्हणून! एकाच बाईची माहिती मी दोनदा फोडली, दुसऱ्या वेळी छापून, मानधन घेऊन.

आता हे सगळे वाचून कुणी म्हणेल, की 'घरातली गोष्ट घरातच' हे तर आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत, मग केंद्र वेगळे काय करते? मलाही हा प्रश्न पडला होता. घरातली गोष्ट घरात ठेवा असे सांगणारा सहसा ती घडवणाराच असतो. मार खाणाऱ्याने गप्प बसायचे आणि अब्रू मारणाऱ्याची राखायची, असा तो सौदा. केंद्रात गुपित जिचे आहे तिच्या मालकीचे असते. तिला ते पोलिसांत, कोर्टात, माहेरी, जिथे सांगायचे तिथे ताई सोबत जातात. नाही सांगायचे तर भिंतीलाही सांगत नाहीत. सासू केंद्रात येऊन गोड बोलून विचारते, "आमची सून येते का हो इथे? काळजी वाटते म्हणून विचारलं." उत्तर ठरलेले : "कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही." न येणाऱ्यांबद्दलही हेच उत्तर द्यायचे, हे महत्त्वाचे. नाहीतर कधी 'नाही येत' आणि कधी 'सांगता येत नाही' म्हटले, की हुशार माणसाला उत्तर मिळालेच.

काळजीपोटी हा शब्द मला आता घाबरवतो. आपल्याकडे दुष्टपणाने फुटणाऱ्या गुपितांपेक्षा काळजीपोटी फुटणारी जास्त. केंद्राकडूनही एकदा तसेच झाले. ताईंनी हे स्वतःहून सांगितले. २०२० च्या टाळेबंदीत एका बाईच्या घरात दाणा नव्हता. एका तरुण स्वयंसेवकाने कळवळून तिच्या अर्जाचा फोटो काढला आणि 'तातडीने मदत हवी' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला. नाव, पत्ता, नंबर, 'पतीपासून विभक्त' हा शेरा, सगळ्यासकट. धान्य संध्याकाळपर्यंत पोचले. तो फोटो मात्र फिरत राहिला, आणि रात्री-अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन तिला येऊ लागले. तिने नंबर बंद केला. केंद्राकडे तिचा तेवढाच नंबर होता. चौकशी करत घरी जावे तर गल्लीत पुन्हा चर्चा. ती कुठे गेली, कळले नाही. तो मुलगा अजून केंद्रात काम करतो, आणि नव्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी ही गोष्ट तोच सांगतो. आता केंद्राचा फोन वेगळा आहे, रात्री कुलपात राहतो, त्यात नावांऐवजी क्रमांक आहेत आणि त्याने फोटो काढायचे नाहीत.

आणि तरीही काही गुपिते ठेवता येत नाहीत. टूर्नियेच्या निकालातली चार कारणे इथे वेगळ्या रूपात भेटतात. अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते, न कळवणे हा गुन्हा. कुणाच्या जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर गप्प बसता येत नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'मिस्टर एक्स' या नावाने एक खटला आला होता. रुग्णालयाकडून त्याला एचआयव्ही असल्याचे फुटले, ठरलेले लग्न मोडले, गावात राहणे मुश्कील झाले. त्याने नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने ती दिली नाही, कारण ज्या मुलीशी लग्न ठरले होते तिच्या जिवाचाही प्रश्न होता. तो निकाल वाचताना मला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही छळतात. ताईंचा मार्ग असा, की या मर्यादा पहिल्याच बैठकीत, बाई काही बोलण्याआधी, सांगून टाकायच्या. "एवढ्या गोष्टी मला लपवता येणार नाहीत. आता काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." मी म्हणालो, "अशानं लोक बोलायचेच थांबतील." त्या म्हणाल्या, "काही थांबतात. नंतर परत येतात. फसवल्यासारखं वाटलं तर मात्र येत नाहीत."

हा लेख लिहून झाल्यावर मी तो ताईंना वाचायला दिला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून परत केला. "हे कळेल कुणालातरी," एवढेच म्हणाल्या. त्या तिन्ही गोष्टी मी काढल्या; त्यांतली एक माझ्या मते लेखातली सर्वांत चांगली होती. मग माझे मी आणखी दोन बदल केले. वर लिहिलेल्या बाई शिक्षिका नव्हत्या, आणि त्यांचे यजमान पंचायत समितीत नव्हते.